गाडीचं माहेरपण

तुम्ही गाडी बदलायचं म्हणताय, म्हणून आठवलं. पंच्याहत्तरच्या आसपास सोलापुरात आमची एक छोटी गाडी होती. जुनी झाली होती, पण पळायची तुफान. ती ठेवावी की मोठी घ्यावी, हे पीएच.डी. होऊनही मला वर्षभर ठरवता येईना. शेवटी मोठी घेतली आणि जुनी न्यायला मंगळवेढ्याचे एक अण्णा आले. बायकोने गाडीला हळदकुंकू लावलं, सीटवर खण-नारळ ठेवून चक्क ओटी भरली. माझा धीर सुटला.

“अण्णा, विकून चुकलो का हो मी?”

“सर, ओटी भरून लेक दिलीसा की! दिवाळीला आणतो माहेरी.”

आणि खरंच आणली. बायको म्हणाली, “अहो, शेडमधली नवी बाहेर काढा. माहेरवाशीण उन्हात उभी राहील का?”