कपिलेच्या रक्तातला वाण

— हो हो, समजलं मले, गोचीड तापाचा किडा, गोचिडाच्या तोंडातून गाईच्या रक्तात घुसते, एवढाबी अडाणी नाई मी — पण बसा तं खरं इशिताबाई, खाटेवर बसा, ते वासरू चावत नाई. मागच्या खेपेले रक्त काढाले आल्या तवा गाय नुसती हलली आन् तुमीच पयल्या कोठ्याबाहेर, आठवते? मी बायकोले, रुख्मिणीले म्हटलं, पाय, अकोल्याची गुरांची डॉक्टरीन! रागावू नका, माही दामिनी तुमच्याच वयाची हाये, तिलेबी असाच चिडवतो. चिडवत होतो. हं, तं काय सांगत होत्या — किडा एकच, पण त्याचे वाण निरनिराळे? कपाशीवानी? बोंड दिसाले सारखं, पण बियाणं वेगळं, असंच ना? पाहा, देवमनले एका दमात समजलं, तुमाले शिकाले पाच वर्षं लागली! अवो, मले माह्या पंजोबाचं नाव धड सांगता येत नाई, आन् तुमी डोळ्याले न दिसणाऱ्या किड्याचं खानदान काढत गावोगाव फिरून राहिल्या!

हा कागद काय? चष्मा घरात राहिला, तुमीच सांगा. ह्या वरच्या रेघा आपल्या तीन गाईंच्या रक्तातल्या किड्याच्या — बरं. खालच्या भातकुलीच्या, दामिनीच्या सासऱ्याच्या, सूर्यभानजीच्या कोठ्यातल्या — बरं. आन् भातकुलीतल्या बाकीच्या कोठ्यांत वाण दुसराच. माहा आन् इवायाचा मात्र एक? रेघ न् रेघ? नीट पाहा ना बाई, कागद उलटा असन, नळ्यांची अदलाबदल झाली असन — तुमच्या कॉलेजात काय चुका होत नाईत? दोनदा तपासलं? मंग किडा तेल्हाऱ्याहून भातकुलीले कसा गेला, तिकीट काढून एसटीनं गेला? आन् माह्याकडे काहून पाहून राहिल्या अशा? आमी लग्नात आंदण गाय दिली, कपिला, इतकंच झालं. आमच्या घरची रीत हाये, पोरीसंग गाय जाते. तुमाले कोणं सांगितलं? — हां, मीच. मागच्या खेपेले, मोठ्या तोऱ्यात.

कपिलेले काहीच नव्हतं. होळीत दोन दिवस ताप आल्ता — चार दिवस, खोटं काहून बोलू. कानाखाली लिंबाएवढी गाठ आल्ती. सुई दिली, उतरली. बरी झाली म्हंजे झाली ना! नाई? बऱ्या झालेल्या गाईच्या रक्तातबी तो बसून राहते? आन् तिथले गोचीड तिले चावून मंग दुसऱ्या गाईले चावले का झालं? हे तुमी आज सांगून राहिल्या, बाई. मी तं तिले लग्नाच्या आधी कडुनिंबाच्या पाण्यानं धुतलं, एकेक गोचीड हातानं वेचला, शिंगांले तेल लावलं, गळ्यात घुंगरू बांधले — आन् भर मांडवात सूर्यभानजीले म्हटलं, इवाई, ह्या गाईले आजवर सुई माईत नाई. रुख्मिणीनं तवाच माह्याकडे पायलं होतं. पण मांडवात कोण खरं बोलते? तुमच्या लग्नात तुमचे बाबा सांगतीन काय, का आमची डॉक्टरीन वासराले भेते म्हून? — हसल्या. बरं झालं, हसल्या तरी.

आखाडात इवायाच्या दोन गाई गेल्या. एक गाभण होती. कपिला मात्र उभीच्या उभी, चरून राहिली, दूध देऊन राहिली. तवापासून त्या घरात एकच गोष्ट — सुनेचा पायगुण. दामिनी कोठ्यात गेली का सासू म्हणते, तू नको हात लावू. दिवाईले आल्ती, जेवता जेवता मले इचारते, बाबा, खरंच माहा पाय खराब हाये काय? मी काय म्हटलं सांगू? म्हटलं, दाखव बरं पाय, चिखल लागला असन! तीबी हसली. मंग न्हाणीत जाऊन रडली — पाण्याचा नळ सोडून, म्हंजे आमाले आयकू येऊ नये. आन् मी इकडे तुमच्या कागदाची वाट पायत बसलो, का भातकुलीच्याच वाणाचं नाव निंघन, पोट्टीबी सुटन न् मीबी सुटन.

उद्या त्यायच्याकडे जाता ना हा कागद घेऊन? आन् ह्याच्यावर नाव काहून नाई कोणाचं — कोठा नंबर सात, कोठा नंबर अकरा? कायदा हाये? नाव गुपित ठेवा लागते, मालकानं सांगतल्याशिवाय सांगता येत नाई? म्हंजे मी गप राहिलो तं सूर्यभानजीले जिंदगीत समजणार नाई, सात नंबर कोण ते?

…

पेन द्या. अवो, सही येते मले, चष्म्याबिगर येते. हे घ्या — देवमन, तालुका तेल्हारा. आन् खाली तुमच्या चांगल्या अक्षरात लिवा, गाईले होळीत सुई दिल्ती, बापाले माईत होतं, पोरीले नव्हतं. लिवलं? पोरीले नव्हतं, हे ठळक लिवा. तिच्या सासूले पयलं वाचून दाखवजा, इवायाले मागून. आन् आता निंघा तुमी. जा म्हटलं ना बाई — उभ्या काहून राहिल्या, जा.