अठरा तासांचा रस्सा

तुमी बकऱ्याचा पाया मागवला तं आठवलं. माहा धाकटा भाऊ अमेरिकेत असते. मी आईले घेऊन गेलो तं म्हणे, "तुमाले अस्सल जपानी रामेन खाऊ घालतो." दीड तास गाडीत, एक तास लाइनीत, तवा नूडल्स अन् रश्श्याचं वाडगं आलं. भावानं डोळे मिटून वास घेतला. म्हणे, "आई, हे लोक हाडं अठरा तास उकळतेत."

आई निवांत रस्सा प्याली. मंग म्हणे, "चंद्रपूरले तुह्या लग्नात मी पाया रांधतो म्हटलं, तं तू म्हणे, ऑफिसचे लोक येतेत, हाडाचा वास नको."

"ते वेगळं होतं न, आई."

आईनं बाहेरची लाइन पाहिली. अर्धे लोक गळ्यात ऑफिसचं कार्ड अडकवून उभे होते.

"असंन बा. हे तुह्याच ऑफिसचे व्हय?"