इसाकभाईची धार

नाय नाय, ते पाकीट आधी पर्समध्ये टाका, ताई. सुरी नको आणि पैसे तेवढे ठेवून घ्या — असं नाय चालत हितं. आत्ता हौसेनं हातात घेऊन बघत होतात, पातं उजेडाला धरलंत, किंमत ऐकून भुवया वर गेल्या — गेल्या की, मी बघितल्या — आणि शेजारच्या इसाकभाईच्या डोळ्याचं मी बोलले तर लगेच आवाजच बदलला तुमचा. 'सुरी राहू द्या, मदत म्हणून घ्या' — मदत! लोहाराचं दुकान हाय हे. सिंधुबाई लोहारीण कुणापुढं हात पसरत नाय, आणि ज्यांच्यासाठी ही विकतेय ते तर माझ्याहून वरचढ. मागल्या महिन्यात देवळाली कॅम्पचे एक साहेब आले होते, भला माणूस, त्यांनी असंच पाकीट पुढं केलं, तर इसाकभाई काय म्हणाले? साहेब, मी दर्ग्याच्या पायरीवर बसलोय का? काही धार लावायचं असंल तर घेऊन या. झालं! दुसऱ्या दिवशी साहेब घरातले सगळे चाकू पिशवीत घालून हजर — गंजलेले, एकाचं तर टोकच मोडलेलं. सगळे लावून दिले, ठरलेली मजुरी घेतली, वर एक रुपया नाय.

महाग? हाय ना महाग. मोबाईलवर सहाशेत येते, मला काय ठाऊक नाय? मग तिथं घ्या की. सहा महिन्यांनी टोमॅटो चेपायला लागली की तिनं दुधाच्या पिशव्या फोडा. ही ट्रकच्या पाट्याची हाय, गाडीखाली एकावर एक पाटे असतात ना, त्यातलं लोखंड. भट्टीपाशी मी धरते आणि घण मारते सुवर्णा, माझी सून — हसू नका, दिसायला काडी हाय, पण घाव कसा एका जागी पडतो, आमच्या मालकांचा सुद्धा तसा पडत नव्हता, गेले बिचारे, त्यांना नावं ठेवत नाय मी. मूठ बाभळीची. पण खरं सांगू का, हितपर्यंत तो नुसता लोखंडाचा तुकडा. सुरी होते ती धारेनं, आणि धार इसाकभाईची. शिकलगार ते, बाप-आजापासून हेच काम. आमच्या दोन दुकानांत भिंत एकच — मी घडवायचं, त्यांनी धार लावायची, तीस वर्षं झाली. आता धारेच्या चाकावर बसता येत नाय त्यांना. एक डोळा गेलाच, दुसऱ्यानं माणूस आलं-गेलं तेवढं कळतं. आत्ता पण दवाखान्यातच गेलेत, तपासायला. तर मी हातावरचा दगड आणून दिला, पाण्याचा. अंगठा फिरवत फिरवत लावतात, एका सुरीला अख्खी सकाळ जाते. ही जास्तीची किंमत त्या सकाळची हाय. त्यांना मी सांगितलंय, गंगापूर रोडच्या बायका हातच्या धारेला असाच भाव देतात, फॅशन हाय आता. खोटं कुठं हाय त्यात? दोघीतिघींनी दिला की.

फोटो? काढा ना, सुरीचा काढा. त्यांचा नाय. तुमच्या ग्रुपवर टाकणार, बिचारे कारागीर, हातभार लावा — आणि खाली सगळ्या बाया हात जोडणार. बिचारे नाय ते! ह्या अख्ख्या भद्रकालीत त्यांच्यासारखी धार दुसरा कुणी लावून दाखवू दे, मी भट्टी विझवते.

कसं झालं म्हणजे — दगड फुटला. चाकाचा दगड. ऑक्टोबर छाटणीचे दिवस, द्राक्षवाल्यांच्या कात्र्यांचा हा ढीग. पिंपळगाव, दिंडोरी, सगळे एकदम येतात आणि सगळ्यांना आजच पाहिजे असतं. जुना दगड झिजलेला, म्हणून नवा मागवला, तो टेम्पोतनं आला तर परतीच्या पावसानं खोका चिंब. चढवला, मोटर सुरू केली, पाचव्या का सहाव्या कात्रीला फुटला, तुकडे सगळे त्यांच्या तोंडावर. दोष कुणाचाच नाय, हे तेच म्हणतात. दवाखान्यात तोंडाला सगळी पट्टी, आणि उलट मलाच समजावत होते — भाभी, दगडच खोटा निघाला, त्याला कोण काय करणार.

आता खोटा दगड ओळखता येत नाय का? येतो ना. बसवायच्या आधी वाजवून बघतात. बोटावर अधांतरी धरायचा आणि लाकडी दांड्यानं टकटक करायचं. खणखणीत वाजला तर चांगला, बद्द वाजला तर आत चीर. आमच्यात शेंबड्या पोराला ठाऊक असतं हे. मग वाजवला नव्हता का? वाजवला होता की. बद्दच वाजला. पण ओला दगड बद्दच वाजतो, ताई! चांगला असला तरी — पाणी पिलेला असतो ना. दोन दिवस उन्हात टाकायचा आणि परत वाजवायचा. पण दोन दिवस कुठनं आणायचे, बाहेर गाड्या चालू ठेवून शेतकरी उभे, माझ्या नावानं ओरडतायत — माझ्या म्हणजे, आमच्या —

हो. मीच. मीच चढवला तो. शुक्रवार होता, नमाजला जाताना सांगून गेले, भाभी, दगड तेवढा बसवून ठेवा. परत आले, टोपी खिशात घालता घालता विचारलं, वाजवून घेतला ना? आणि मी म्हणलं, खणखणीत हाय.

कुणाला बोलले नाय हे. सुवर्णाला सुद्धा नाय. तुम्हाला का सांगितलं देव जाणे — तुम्ही परक्या, आत्ता निघून जाल, म्हणून असंल. पण मी तोंड लपवून बसलेय असं समजू नका. जोवर हात चालतोय तोवर सुऱ्या घडवणार, दाम पुरता मागणार, आणि कमी एक पैसा करणार नाय. घ्यायची तर घ्या, नाय तर —

काय झालं? माझ्या मागं काय बघताय?

इसाकभाई. मागच्या दारानं आलात?

ऐकलंत. बरं झालं. मान खाली घालणार नाय मी. ओला होता, बद्द वाजला, आणि मी तुमच्या तोंडावर खोटं बोलले. द्या शिव्या. ह्या ताईंच्या समोर द्या, गल्लीला ऐकू जाऊ द्या. बोला ना —

काय? काय म्हणालात? दगडाचे तुकडे चाचपले होते? दवाखान्यातनं आलात त्याच दिवशी? — चीर जुनी, आत माती बसलेली, बोटाला कळली, म्हणजे दगड खणखणीत वाजलाच नसणार — म्हणजे तेव्हापासून ठाऊक हाय तुम्हाला? आणि रोज सकाळी येऊन माझ्याच सुऱ्यांना धार लावत होतात, भाभी चहा सांगू का म्हणत? पाच महिने? नाय, इसाकभाई, हे नाय चालणार. तुम्ही कुणाचं फुकट घ्यायचं नाय, आणि मला मात्र एवढं मोठं परस्पर देऊन टाकायचं? मला विचारलंत का, पाहिजे का म्हणून? पाच महिने मी रात्रीची झोपले नाय, आणि तुम्ही —

हसू नका. हसू नका म्हणते ना!

ताई, तुम्ही निघा आता. सुरी घेऊन जा. पैसे ह्यांच्या हातात द्या, ह्यांची मजुरी हाय ती. बघताय काय? जा. आणि जाताना ते शटर खाली ओढा.