तारा मागे घेण्याबाबत

(ग्दान्स्क. नाताळची आदली संध्याकाळ. चौथ्या मजल्यावरचं घर. टेबल मांडून तयार, आणि रिवाजाप्रमाणे सकाळपासून सगळे उपाशी.)

ओलेक : आई, पहिला तारा उगवला. सुटलो! वाढ आता.

बॉग्ना : कुठला तारा? काही उगवलेलं नाही.

ओलेक : अगं, तो काय समोर! तारा दिसला की जेवायचं, हे तूच शिकवलंस ना?

बॉग्ना : ते विमान आहे.

ओलेक : अर्धा तास एकाच जागी उभं आहे.

बॉग्ना : उशीर झालाय त्याला.

झेनॉन : म्हणजे किंगाचं विमान अजून बर्गनलाच?

ओलेक : धुक्यात बसलंय, बाबा. ताईचा मघाशी फोन होता. निघतंय, निघतंय म्हणतात नुसतं.

झेनॉन : बर्गन म्हणजे इथून हजारेक किलोमीटर. हवेत फार तर पावणेदोन तास. आमच्या कचेरीत लोक एका सहीसाठी याहून जास्त थांबायचे.

बॉग्ना : तीन वर्षं चाललेत हो मला ते पावणेदोन तास. एकदा ड्यूटी, एकदा ताप, एकदा तिकीट महाग. आणि वर फोनवर, "आई, दोन तासांवर तर आहे मी!"

ओलेक : खालच्यांचं जेवण सुरू झालं. तळलेल्या माशाचा वास येतोय.

बॉग्ना : त्यांना सगळंच आधी दिसतं. हावरट मेले.

झेनॉन : तारा मलाही दिसतोय, बॉग्ना.

बॉग्ना : तुम्हाला चष्म्याशिवाय जिना दिसत नाही.

ओलेक : मी आता टेबलाच्या चादरीखाली रिवाज म्हणून पसरलेलं गवत खाईन हं.

बॉग्ना : खा. बैलासारखा वाढलाच आहेस.

झेनॉन : अगं, दमलो आता. बसू या. अवचित येणाऱ्या पाहुण्यासाठी एक ताट आपण दरवर्षी जास्तीचं मांडतोच. किंगाचं ताट उचल. उशिरा आलीच, तर बसेल त्या पाहुण्याच्या ताटावर.

बॉग्ना : त्या ताटावर? वाट चुकलेलं कुणीही बसतं तिथं. माझी लेक पाहुणी आहे?

झेनॉन : तसं नव्हतं म्हणायचं मला.

बॉग्ना : तिचं ताट खिडकीजवळच्या तिच्या खुर्चीपुढेच राहील. जेवण ती आल्यावर.

ओलेक : आई... ताईचा निरोप आलाय.

बॉग्ना : निघालं?

ओलेक : रद्द झालं. पुढचं परवा.

झेनॉन : ओलेक, बीटाचं सूप गरम करत ठेव.

बॉग्ना : राहू दे. तारा उगवलेला नाही.

झेनॉन : बरं बाई. नाही उगवला. ओलेक, मग कागद घे. तीस वर्षं लोकांचे अर्ज परत पाठवले, आज स्वतःचा करतो. लिही. "माननीय व्यवस्थापक, ग्दान्स्कचे आकाश, यांस. आज आमच्या खिडकीत दिसलेला तारा नजरचुकीने उगवला असल्याने तो मागे घेण्यात यावा, व परवा बर्गनचे विमान उतरल्यावर पुन्हा उगवण्यात यावा."

ओलेक : म्हणजे परवापर्यंत उपास?

झेनॉन : अर्ज विचाराधीन असताना जेवायला हरकत नसते.

ओलेक : सही कुणाची?

बॉग्ना : माझी. सूप वाढ त्यांना. आणि सहीच्या वर एक ओळ घाल. "खिडकीजवळचे ताट पाहुण्याचे नाही, याची नोंद घेण्यात यावी, ही विनंती."