वेळेची अट नाही

(किताहामा गावची सार्वजनिक व्यायामशाळा. रविवार, दुपारचे पावणेचार. रिंगला लागून घंटेचं टेबल, टेबलामागे तिघं : घंटा आणि माइक सांभाळणारे मुराई, आणि रिंगमधल्या दोन मल्लांच्या बायका, हात्सुए व योशिनो.)

योशिनो : माझं बूड बधिर झालंय. खुर्ची कुठे संपते आणि मी कुठे सुरू होते, काही कळत नाही.

हात्सुए : माझी उशी घ्या.

योशिनो : उशीने काय होतंय! चार मिनिटं झाली, तुझा नवरा माझ्या नवऱ्याचं डोकं काखेत धरून बसलाय. नुसता बसलाय. कलिंगड घेऊन बसची वाट बघितल्यासारखा.

हात्सुए : त्याआधी तुमच्यांनी आमच्यांचा पाय धरला होता. सहा मिनिटं. मी घड्याळ लावून पाहिलं.

योशिनो : धरला कुठे होता? टेकले होते त्याला. दम खात होते.

मुराई : वहिनी, जरा हळू. घोषणा करायची आहे. पस्तीस मिनिटे झाली! पस्तीस मिनिटे!

योशिनो : एक टाळी नाही.

हात्सुए : मागच्या आजींनी वाजवली की.

योशिनो : त्या हाताला लागलेली संत्र्याची सालं झटकत होत्या. आणि दारात बघ, बॅडमिंटनच्या बायका रॅकेट घेऊन येऊन उभ्या राहिल्यात. चारपासून हॉल त्यांचा. मुराई-सान, दर वर्षी तिसाव्या मिनिटाला तुम्ही घंटा वाजवता, कुस्ती बरोबरीत सुटते, दोघं मिठी मारतात, आपण घरी जाऊन गरम पाण्यात बसतो. यंदा हात दुखतोय का तुमचा?

मुराई : घंटा कशी वाजवू? आजच्या कुस्तीला वेळेची अट नाही.

योशिनो : कोण म्हणतं?

मुराई : पोस्टर म्हणतं. "वेळेची अट नाही. कुस्ती निकाली." सुरुवातीला मी माइकवरून मोठ्याने वाचलं. तुम्ही तेव्हा जेवणाचे डबे विकत होता.

योशिनो : आणि या दोघांनी? ऐकलं नाही?

मुराई : प्रेक्षक कागदी फिती फेकत होते त्या वेळी. एक अख्खी गुंडाळी शिराकावा-सान यांच्या कानावर बसली.

योशिनो : त्या कानाने आमचे तसेही ऐकत नाहीत. पोस्टर केलं कोणी?

मुराई : ते मंडळाचं काम. मी फक्त घंटा.

योशिनो : हात्सुए, चहा मग पी. पोस्टर केलं कोणी?

हात्सुए : मी. म्हणजे, नवं असं नाही केलं. साकाकी-सानच्या निरोपाच्या कुस्तीचं होतं ना कंप्युटरमध्ये, तीन वर्षांपूर्वीचं? त्यातून साकाकी-सानना काढलं, तुमच्यांना बसवलं. तारीख बदलली. खालची ओळ राहिली.

योशिनो : निरोपाच्या कुस्तीचं पोस्टर!

हात्सुए : अक्षर बारीक होतं हो.

योशिनो : अगं, निरोपाची कुस्ती कोणी पडल्याशिवाय संपत नाही. जो सोडून जाणार, तो पडतो. साकाकी-सान कसे सरळ आडवे झाले, तुझा नवरा त्यांच्यावर बसून ढसाढसा रडला, वीस मिनिटांत सगळे मोकळे!

हात्सुए : एकोणीस.

योशिनो : आणि आता आत काय चाललंय? हे म्हणतायत आता घंटा होईल, ते म्हणतायत आता होईल. ठरल्याप्रमाणे तीस मिनिटं कधीच संपली.

मुराई : ठरल्याप्रमाणे? काय ठरलं होतं?

योशिनो : काही नाही हो. तुम्ही घड्याळाकडे बघा.

मुराई : बारा वर्षं मी या टेबलावर आहे. त्याआधी एकतीस वर्षं पोस्टात. लिहिलेल्या पत्त्यावरच टपाल जातं, वहिनी. मनातल्या पत्त्यावर नाही.

योशिनो : बरं बरं. मग पडू दे कोणीतरी. तुझ्या नवऱ्याला खूण कर.

हात्सुए : आमच्यांनीच का? तुमचे वयाने मोठे आहेत.

योशिनो : अकरा महिन्यांनी! आणि आमचे पडले तर उद्या सकाळी मासळीबाजारात जो तो विचारेल, काय शिराकावा-सान, सोडलंत म्हणे? सव्वीस वर्षं झाली, दोघांपैकी एकही दुसऱ्याच्या हातून पडलेला नाही. आता जो पडेल तो चालला, असंच समजणार लोक.

हात्सुए : आमच्यांनाही तेच विचारतील.

योशिनो : तुझे टोफूच्या दुकानात बसतात. टोफू काय विचारतोय? हं, बघ बघ, पंच मोजायला लागला. एक... दोन...

हात्सुए : तुमचे उठले.

योशिनो : उठणारच. पंचच इतका हळू मोजतोय, दोन आणि तीनच्या मधे भात शिजेल. पुन्हा काखेत डोकं! देवा. हात्सुए, मला खरं सांग, तुझ्या नवऱ्याला याशिवाय एकही डाव येत नाही का आता?

हात्सुए : डाव्या हाताने धरलंय.

योशिनो : काय?

हात्सुए : डोकं. डाव्या हाताने धरलंय. उजवा नुसता वर ठेवलाय.

योशिनो : मग?

हात्सुए : मग काही नाही.

योशिनो : थांब. आमचे असल्या पकडीतून केव्हाच सुटतील. एका हाताची पकड ती. मग हे असे का—

मुराई : चाळीस मिनिटे झाली! चाळीस मिनिटे!

योशिनो : हात्सुए. आमचे आपण होऊन डोकं आत ठेवून बसलेत.

हात्सुए : हो.

योशिनो : पकड आहे असं दाखवतायत.

हात्सुए : पहिल्या पाच मिनिटांतच कळलं असेल त्यांना. तेव्हापासून आमच्यांना कुठे उचललं नाही की आपटलं नाही. लोक जांभया देतायत, तरी नाही. मी मनातल्या मनात पाया पडतेय तुमच्यांच्या.

योशिनो : हाताला काय झालंय?

हात्सुए : हाताला नाही. मानेत आहे. नववर्षापासून उजव्या हाताच्या बोटांना काही जाणवतच नाही. उकळत्या पातेल्याला हात लावतात आणि विचारतात, हे गरम झालं का. फेब्रुवारीत डॉक्टरकडे नेलं. ते म्हणाले, अजून एकदा मानेवर आपटलात तर चालणंसुद्धा अवघड होईल.

योशिनो : आणि तेत्सुओ-सान काय म्हणाले?

हात्सुए : बाहेर आलो, समोरच्या दुकानात दोन वाट्या उदोनच्या जाड शेवया खाल्ल्या आणि म्हणाले, हवा छान आहे. तेव्हापासून विषय नाही. ते काढत नाहीत, मी काढत नाही. मुलगी फोनवर विचारते, बाबा कसे आहेत? मी म्हणते, हवा छान आहे.

योशिनो : मला तरी सांगायचंस.

हात्सुए : तुम्हांला सांगितलं असतं तर संध्याकाळपर्यंत बाजारात बोंबील विकणाऱ्यांनासुद्धा कळलं असतं.

योशिनो : दुपारपर्यंत. बरं, ऐक. आमचे पडतील. मी नुसतं खोकले की त्यांना समजतं. बाजारात विचारेनात का लोक, मी बघून घेईन एकेकाला.

हात्सुए : नको.

योशिनो : अगं, फुकटचा विजय मिळतोय.

हात्सुए : म्हणूनच नको. जिंकले तर पुढच्या वर्षी परत उभे राहतील. वर म्हणतील, बघ, एका हाताने जिंकलो.

मुराई : क्षमा करा, कानावर आलं म्हणून बोलतो. नियमात टॉवेलची सोय आहे. घरच्या माणसाने रिंगमध्ये टॉवेल फेकला, तर मी घंटा देऊ शकतो.

हात्सुए : त्याने आजची कुस्ती जाईल, मुराई-सान. मग त्याचा बदला घ्यायला पुन्हा उभे. मी सत्तावीस वर्षं ओळखते त्यांना.

योशिनो : हात्सुए, तुझे कुठे निघाले?

हात्सुए : कुठे?

योशिनो : खांबावर! कोपऱ्यातल्या खांबावर चढतायत!

हात्सुए : वरून उडी घ्यायची आहे त्यांना. सहा वर्षांत वर पाय ठेवला नव्हता.

योशिनो : आमचे खालून नको नको करतायत बघ. लोकांना वाटतंय घाबरलेत. बघ, आता टाळ्या वाजायला लागल्या! मघाशी मेले होते का सगळे?

हात्सुए : मुराई-सान, माइक द्या.

मुराई : माइक फक्त अधिकृत घोषणेसाठी आहे, वहिनी.

हात्सुए : मग तुम्ही करा घोषणा.

मुराई : मजकूर?

योशिनो : लवकर!

मुराई : एका हाताने चढत आहेत. अजून पहिल्याच दोरावर आहेत. वेळ आहे. मजकूर सांगा.

हात्सुए : म्हणा... कुमागाई तेत्सुओ यांच्या प्रकृतीच्या कारणाने...

मुराई : प्रकृती म्हटलं की लोकांना सर्दी वाटते.

हात्सुए : मग म्हणा, काही काळ विश्रांती.

योशिनो : काही काळ! तो माणूस दुसऱ्या दोरावर पोचला आणि तुझं काही काळ!

मुराई : शब्द नेमका हवा, वहिनी. एका चुकीच्या ओळीपायी आपण चव्वेचाळीस मिनिटं इथे आहोत.

हात्सुए : मला माहीत आहे शब्द कोणता हवा.

मुराई : मग सांगा. मी वाचतो.

हात्सुए : तो तुम्ही वाचून चालणार नाही. द्या इकडे.

मुराई : असं बाहेरच्या व्यक्तीला...

योशिनो : द्या हो!

मुराई : खालचं बटण. बोलताना दाबून धरायचं.

हात्सुए : अहो. अहो, इकडे. टेबलाकडे बघा. मी बोलतेय. खूप झालं, उतरा खाली. शिराकावा-सान थांबलेत तुमच्यासाठी, हळूच घेतील. ही तुमची शेवटची कुस्ती आहे. तुम्हांलाही माहीत आहे, मलाही. आता पाठ टेका.