इमामसाबचा हात

तय्यब : ...आता तुम्हीच सांगा शेषेराव, घरच्या सुनंनं घरचं हुनर चव्हाट्यावर मांडलं तर सासऱ्यानं काय करावं?

शेषेराव : आधी चहा सांगावा. मी आपला बाजारला आलो, म्हणलं दोस्ताला भेटून जावं, तर तू कोर्टच भरवून बसलास. लुबना, काय केलंस पोरी? हा तर भट्टीच्या आधी स्वतःच पेटलाय.

लुबना : काका, अब्बांचं कलईचं काम फोनवर घेतलं आन् लोकांना दाखवलं. एवढंच.

तय्यब : एवढंच म्हणती. भांडं किती तापवायचं, नवसागर कधी टाकायचा, कथील कुठं टेकवायचं, कापसाचा बोळा कसा फिरवायचा, समदं दाखवलं. वरून नाव काय दिलं, तर ‘घरच्या घरी कलई’. शेषेराव, आमच्यात शेवटचा हात मारताना गिऱ्हाइकाकडं पाठ करतात. अब्बा करायचे, मी करतो. ही मला म्हणली, माहेरी नांदेडला दाखवायचंय. म्हणून समोर उभी राहू दिली.

लुबना : माहेरी पण दाखवलं.

शेषेराव : हुशार हाय पोरगी. बघितलं का मग लोकांनी?

लुबना : अख्ख्या अहमदपुरात नसतील एवढ्यांनी बघितलं.

तय्यब : आन् दुकानात किती आले? कशाला येतील? फुकटात शिकले, आता घरी करतील. मी बसतो माशा मारत.

लुबना : आधी तरी कोण येत होतं, अब्बा? दुकानापुढून लोक जातात, आत बघत पण न्हाईत. त्यांना वाटतं, कलईवाले कधीच संपले. पितळेच्या भांड्यात ताक कळकतं म्हणून भांडीच मोडीत घालून राहिले. कुठंतरी अजून एक भट्टी पेटती हाय, हे त्यांना कळणार कसं?

तय्यब : मग दुकानाचा पत्ता सांगायचा. हुनर कशाला सांगायचं?

लुबना : नुसता पत्ता कोण ऐकतं? कामाचं काही सांगितलं तर माणूस थांबतो. कथलात शिसं असलं तर ते कसं वळखायचं, तेबी सांगितलं. कांडी पांढऱ्या कागदावर ओढायची, काळी रेघ उमटली की घ्यायची न्हाई. लोकांनी किती दुवा दिल्या, तुम्ही वाचल्या पण न्हाईत.

तय्यब : दुवांवर भट्टी पेटत न्हाई. शेषेराव, तुमच्यासमोर सांगतो. हिनं ते आज काढून टाकायचं. न्हाईतर उद्या मी भट्टी विझवतो आन् यासेरला सांगतो, बाबा, घाल इथं तुझं मोबाईलच्या कव्हरचं दुकान.

शेषेराव : पोरगा तर वाटच बघून राहिला असंल.

तय्यब : हाव. त्याला ह्यात काही गोडी न्हाई. माझ्यामागं हे बंदच पडणार हाय, मला कळतंय. पण बंद पडायचं तर इज्जतीत पडू दे. असं गल्लीबोळात वाटून न्हाई.

लुबना : बंद पडू नये म्हणून तर वाटलं, अब्बा.

(बाहेर पिकअप थांबते. जड पितळी पातेली खाली उतरवल्याचा आवाज.)

तारामती : सावकाश रे बाबा, गावाची हायत ती. ...तय्यबभाई कलईवाले हितंच का? हाव, ही तर फोनमधली भट्टी. आन् हे तुम्हीच व्हय की. रामराम.

तय्यब : रामराम बाई. कुठून आलात?

तारामती : हदगावकडून. मी तारामती. आमच्या गावची पिकअप सोयाबीन घेऊन लातूरला चालली होती, पुढं बसून आले, मागं ही भंडाऱ्याची पातेली टाकली. कधीची देवळात पडून होती. ह्यांच्यात वरण शिजवायचं तर कलई पाहिजे, आन् आमच्याकडं कलईवाला कुणी बघितलाच न्हाई. गाव तर मोडीतच घालायला निघालं होतं. मी म्हणलं, थांबा, अहमदपूरला एक माणूस हाय, मी वळखते त्याला.

शेषेराव : वळखता? कसं काय?

तारामती : अहो, रोज बघते की ह्यांना. भाकरी थापता थापता बघते. माझी सून म्हणती, आत्याबाई, तुम्ही मालिका सोडली आन् कलई धरली.

लुबना : अब्बा, ऐकून राहिले ना?

तय्यब : बाई, एवढं बघितलं तर मग घरीच का केली न्हाई?

तारामती : केली की. पण एवढाली पातेली चुलीवर कशी तापायची? आन् गावाचं भांडं बिघडलं तर गाव मला जेवू घालंल का? माझं घरचं केलं आधी. हे बघा, पिशवीत आणलंय. म्हणलं, करणाऱ्याच्या नजरंखालून जाऊ द्यावं. कोळसा पेटवला आन् वारा घालायला पोराचं केस वाळवायचं मशीन लावलं. पोरगा कावला लई.

शेषेराव : बघ रे तय्यब. तुझी परीक्षक म्हणून नेमणूक झाली.

तय्यब : द्या. ...लुबना, जरा सरक, उजेडाला धरतो. ...बाई, हे तुम्ही केलं? तुमच्या हातानं?

तारामती : चुकलं का काही?

शेषेराव : तय्यब, तोंड का असं झालं तुझं? सांग की, चुकलं का?

तय्यब : कडंला थोडं जाड बसलंय. तळाला साफ हाय. पण शेषेराव, हा फेर बघा. बोळा डावीकडून फिरलाय.

शेषेराव : मला काय कळतं त्यातलं. डावीकडून फिरवायचा नसतो का?

तय्यब : समदे कलईवाले उजवीकडून फिरवतात. माझे अब्बा इमामसाब डावखुरे होते, म्हणून ते डावीकडून फिरवायचे. मी उजवा. पण त्यांचं बघून शिकलो, मलाबी तसंच वळण पडलं. बाकीचे कारागीर हसायचे मला. हा फेर आमच्या घराबाहेर कुणाचा न्हाई. अब्बा गेल्यापासून माझ्याशिवाय दुसऱ्या कुणाच्या हातचा मी बघितलाच न्हाई.

तारामती : मला काय ठावं, भाऊ. तुम्ही फिरवला तसा मी फिरवला. तसाच असतो वाटलं.

तय्यब : तसाच असू द्या. आता बदलू नका.

लुबना : अब्बा, पाणी देऊ का?

तय्यब : नको. बरा हाय मी.

तारामती : एक इचारू का? राग मानू नका. नवसागर टाकायच्या आधी तुम्ही ओठातल्या ओठात काहीतरी म्हणता. लई डाव ऐकलं, पण भट्टीच्या पंख्यापुढं उमजत न्हाई. काय ते?

लुबना : ते मलाबी कधी कळलं न्हाई.

तय्यब : ते... उस्तादचं नाव असतं. ज्यानं शिकवलं त्याचं नाव घ्यायचं आन् म्हणायचं, हात द्या. नाव घेतल्याबिगर कलई धरत न्हाई, असं आमच्यात मानतात. मी अब्बांचं घेतो.

तारामती : मग माझं बरोबरच झालं म्हणायचं.

तय्यब : काय बरोबर झालं?

तारामती : शब्द तर कळंनात. पण म्हणलं, एवढा जाणता माणूस काही उगंच बोलत नसंल, आपणबी काहीतरी म्हणावं. मग हात जोडले आन् म्हणलं, तय्यबभाई, तुम्हीच बघा आता. आन् टाकला नवसागर. कथील असं पळालं भांड्यात, की मी बघतच राहिले. चांदणंच पसरलं जणू. सुनंला हाक मारायचंबी सुचलं न्हाई.

शेषेराव : ऐकलंस, तय्यब?

तय्यब : शेषेराव, हे असलं मी जन्मात ऐकलं न्हाई. अब्बांचं नाव घेणारा मी शेवटचा, एवढंच धरून बसलो होतो. माझं नाव कुणी घेईल, हे तर कधी मनात पण आलं न्हाई. आन् तिकडं हदगावात, चुलीपुढं बसून, ही माउली... मला तर खबर पण न्हाई.

तारामती : मी काही चुकीचं केलं का, भाऊ?

तय्यब : न्हाई, बाई. बसा तुम्ही. ही पातेली आज इथंच, तुमच्यासमोर करू. कडंला जाड का बसतं, तेबी दाखवतो.

लुबना : अब्बा... तो व्हिडिओ आज काढून टाकायचा म्हणले होते.

तय्यब : काढूनच टाक तो. त्यात आवाज येत न्हाई म्हणतात ह्या. आता नवा घे, जवळून. नवसागर टाकायच्या वक्ताला मी पंखा थांबवतो. ‘इमामसाब, हात द्या’, एवढं नीट ऐकू आलं पाहिजे.