सिगारेट सोडल्यावरचं रक्त

दातांच्या दवाखान्यात माझ्या शेजारी एक वयस्कर जोडपं बसलं होतं. आजोबांच्या मांडीवर क्लॅरिनेटची पेटी होती.

"चाळीस वर्षं सिगारेट ओढली, हिरडीतून कधी रक्ताचा थेंब आला नाही. सोडून महिना होत नाही तोच रोज ब्रश लाल!"

"म्हणून परत ओढणार?"

"तसं म्हटलं का मी?"

"अहो, डॉक्टरीणबाईंनी सांगितलं ना, हिरड्या आधीपासूनच सुजलेल्या होत्या. धुराने रक्त दाबून ठेवलं, म्हणून कळलं नाही."

"आणि आता पुढचा दात हलतोय. क्लॅरिनेट त्याच्यावरच तर टेकतं."

"म्हणून तर आलोय ना इथे!"

"आठवतं? नाटकात वाजवायचो तेव्हा मध्यंतरात मी थिएटरच्या मागच्या जिन्यावर ओढत बसायचो."

"आणि मी तिकीटखिडकी बंद करून यायचे. काहीतरी निमित्त काढून."

"तुला तो वास आवडायचा."

"वास कसला आवडतोय! तुम्ही आवडायचात. वास आपला गळ्यात पडला."

"बरं बाई."

"खिशात काय आहे?"

"कुठे काय?"

"सिगारेटच्या पाकिटाचा कोपरा दिसतोय. आणा इकडे."

"अगं, लोक बघताहेत."

"बघू देत. हात काढा... अगंबाई! या तर क्लॅरिनेटच्या तोंडाला लावायच्या पत्त्या."

"नव्या आहेत, बोरूच्या. त्या रिकाम्या पाकिटात नेमक्या बसतात. दात पक्का झाला की लागतील."

"मग चोरासारखं तोंड का केलंत?"

"किती वर्षांनी खिसा तपासलास माझा. म्हटलं, तपासू दे जरा."